विश्लेषण : घरच्या जिमसाठी परवडणारा ‘पॉवर रॅक’ कसा निवडावा? कोल्हापुरात तो करून घेणे सोयीचे का?

तालमीत मेहनत करणाऱ्याच्या मागे वस्ताद उभा असतो आणि समोर जोडीदार. घरातल्या खोलीत एकट्याने ऐंशी-शंभर किलोचा बार छातीवर घेणाऱ्याजवळ या दोघांपैकी कोणीच नसते. ती जागा भरून काढणारे साधन म्हणजे पॉवर रॅक. घरी व्यायामाची सोय करू पाहणाऱ्यांचा खर्च बहुतेक वेळा डंबेल, बेंच आणि प्लेटवर होतो आणि रॅक ‘नंतर बघू’ म्हणून मागे पडतो. सप्टेंबर २०२५ मधील जीएसटी बदलांनंतर जिमची फी आणि साहित्याची किंमत यांचे गणितही बदलले आहे. अशा वेळी स्वस्त रॅक घेताना नेमके काय पाहावे, याचा हा आढावा.

पॉवर रॅक म्हणजे नेमके काय?

चार उभे खांब, त्यांना जोडणारे आडवे पाइप, बार टेकवण्यासाठी दोन हुक आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बार निसटला तर तो झेलणाऱ्या दोन आडव्या दांड्या, म्हणजेच ‘सेफ्टी’. खांबांना ठरावीक अंतरावर भोके असतात, त्यामुळे हुक आणि सेफ्टीची उंची बदलता येते. व्यायाम करणारा या चौकटीच्या आत उभा राहतो किंवा बेंचवर झोपतो. दोन सुट्या खांबांचा ‘स्क्वॉट स्टँड’ याहून बराच स्वस्त मिळतो. मात्र साध्या स्टँडला सेफ्टी नसते आणि बार एका बाजूने ठेवताना तो कलंडू शकतो. सेफ्टी नसेल, तर त्याला बार ठेवण्याची घोडी म्हणावे, रॅक नव्हे.

कोल्हापूर परिसरात याची गरज का वाढली?

गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या शहरात व्यायाम म्हणजे जोर, बैठका, मुद्गल आणि लाल माती. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानामुळे कुस्तीची ही परंपरा देशभर पोहोचली. त्या मेहनतीला रॅक लागत नव्हता, कारण वजन मुख्यतः स्वतःच्या शरीराचे किंवा जोडीदाराचे असे. बारबेलचा व्यायामही या जिल्ह्याला नवा नाही. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडच्या वेटलिफ्टरांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत कांस्यपदके मिळवली, तर शेजारच्या सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे ५५ किलो गटात रौप्यपदक जिंकले.

मात्र स्पर्धेतला वेटलिफ्टर प्रशिक्षकासमोर, मोकळ्या प्लॅटफॉर्मवर सराव करतो आणि जमले नाही तर बार खाली सोडतो. घरी बेंच प्रेस करणाऱ्याला बार सोडायला जागा नसते. खाली त्याची छाती किंवा गळा असतो. पाळीची नोकरी, घरातल्या जबाबदाऱ्या किंवा जिमच्या वेळा न जुळणे यांमुळे जे घरी व्यायाम करतात, ते बहुधा एकटेच असतात. त्यामुळे रॅक ही त्यांच्यासाठी हौसेची वस्तू राहत नाही.

जीएसटी बदलाचा काय परिणाम?

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या सेवेवरील जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. मात्र जिमचालकाला इन्पुट टॅक्स क्रेडिट मिळणार नाही, अशी अट आहे. म्हणजे मूळ फी १,००० रुपये असेल तर पूर्वी १,१८० भरावे लागत, आता १,०५०. क्रीडासाहित्यावरील करही १२ वरून ५ टक्के झाला. पण त्यातून ‘सामान्य शारीरिक व्यायामाची साधने’ वगळलेली आहेत. त्यामुळे क्रिकेटची बॅट ५ टक्क्यांत आणि रॅक १८ टक्क्यांत, असे चित्र आहे. मूळ किंमत २०,००० असेल तर रॅकवर ३,६०० रुपये कर पडतो. ५ टक्के असता तर १,००० पडला असता.

याचा अर्थ जिमला जाणे तुलनेने स्वस्त झाले, घरी जिम करणे नाही. रॅक, बेंच, बार आणि शंभर किलो प्लेट यांचा एकूण खर्च ५०,००० रुपये धरला, तर महिना १,०५० रुपये फीच्या हिशेबाने एका माणसाचे पैसे वसूल व्हायला सुमारे चार वर्षे लागतील. घरातले दोघे व्यायाम करणार असतील तर दोन. चार वर्षे टिकेल अशीच वस्तू घेतली तरच हा व्यवहार परवडतो. म्हणून ‘सर्वांत स्वस्त’ आणि ‘परवडणारा’ हे दोन शब्द वेगळे आहेत.

पाइपची जाडी महत्त्वाची की रुंदी?

दुकानदार ‘हेवी गेज’ म्हणून मोकळा होतो. त्यावर समाधान मानू नये; पाइपची बाहेरची बाजू आणि पत्र्याची जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये विचारावी. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर आणि ११ गेज म्हणजे साधारण ३. बाजारात ५० बाय ५०, ६० बाय ६० आणि ७५ बाय ७५ मिलिमीटरचे चौकोनी पाइप रॅकसाठी वापरले जातात.

येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. पाइप वाकण्याला किती विरोध करतो, हे जाडीपेक्षा बाजूच्या मापावर अधिक अवलंबून असते. ५० मिलिमीटरचा ३ जाडीचा पाइप मीटरला सुमारे ४.४ किलो भरतो. ६० मिलिमीटरचा २ जाडीचा ३.६ किलो. तरीही दुसरा पाइप पहिल्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त ताठ असतो. ७५ मिलिमीटरचा ३ जाडीचा पाइप तर ५० मिलिमीटरच्या २ जाडीच्या पाइपच्या पाचपट ताठ. अर्थात पिन ज्या भोकात बसते तिथे पत्रा जाड असलेला बरा, नाहीतर भोक कालांतराने लांबट होते. त्यामुळे दीडशे किलोच्या आत काम करणाऱ्या घरगुती वापरासाठी ६० बाय ६०, जाडी अडीच ते तीन, हा मधला मार्ग ठरतो. ७५ चा पाइप उत्तमच, पण तो घेण्यासाठी सेफ्टीवर काटकसर करू नये.

खरे-खोटे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे वजनकाटा. सात फुटी, चार खांबांच्या रॅकला सुमारे १८ मीटर पाइप लागतो. ५० चा २ जाडीचा असेल तर तो सुमारे ५४ किलो, ३ जाडीचा असेल तर ८० किलो. ‘तीन एमएम’ म्हणून विकलेला असा रॅक पन्नास-पंचावन्न किलोच भरत असेल, तर काय समजायचे ते स्पष्ट आहे.

‘क्षमता ३०० किलो’ या दाव्याला किती अर्थ?

हा आकडा बहुतेक वेळा हुकवर शांतपणे ठेवलेल्या वजनाचा असतो. अपघातात वजन शांतपणे येत नाही. १२० किलोचा बार १० सेंटिमीटरवरून सेफ्टीवर पडला आणि एका सेंटिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी सरासरी बल स्थिर वजनाच्या ११ पट, म्हणजे सुमारे १,३२० किलो वजनाइतके होते. बार स्वतः वाकतो, त्यामुळे प्रत्यक्षात धक्का थोडा पसरतो. पण प्रमाण लक्षात यावे. म्हणून विक्रेत्याला प्रश्न विचारावा तो असा : ही क्षमता हुकची, की सेफ्टीची? आणि वजन ठेवून तपासली, की पाडून? स्थिर व्यायाम साधनांसाठी आयएसओ २०९५७ ही आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे आणि त्यात घरगुती व व्यावसायिक वापराचे वर्ग वेगळे आहेत. विक्रेता एखाद्या मानकाचे नाव घेत असेल तर चाचणीचा कागद मागावा. कागद नसेल तर आकड्याला जाहिरात समजावे.

फॅब्रिकेटरकडून करून घेणे परवडते का?

शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती यांमुळे पाइप, वेल्डिंग, ड्रिलिंग, पावडर कोटिंग हे सारे कोल्हापुरात हाताच्या अंतरावर आहे. कच्चा माल महाग नाही. पाइपचा भाव किलोला ७० रुपये धरला, तरी ८० किलोचे ५,६०० रुपयेच होतात. खरा खर्च आणि खरी कसोटी भोकांत आहे. दर ५० मिलिमीटरला एक म्हटले, तरी चार खांबांना मिळून सुमारे दीडशे आरपार भोके होतात. ती एका रेषेत नसतील तर एका बाजूची सेफ्टी दुसरीपेक्षा खाली राहते आणि बार घरंगळतो. म्हणून खांब जोडीने शिकंजात धरून एकदम भोके पाडावीत किंवा लेझर कटिंग करून घ्यावे. गेट-ग्रिलसारखा किलोवर दर ठरवल्यास या कामाला न्याय मिळत नाही. भोकांचा दर वेगळा ठरवावा.

आणखी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. जोडणीचे बोल्ट ८.८ ग्रेडचे असावेत. वेल्ड टाके मारल्यासारखे नसून पूर्ण फिरवलेले असावे, विशेषतः हुक आणि सेफ्टीच्या टोकांना. कोटिंगपूर्वी गंज आणि तेल काढणारी ‘सात टाकी’ प्रक्रिया व्हावी. कोल्हापूरच्या पावसाळ्यात चार महिने हवा दमट असते आणि नुसत्या रंगाखाली गंज धरतो, तोही आधी भोकांच्या कडेला. भोकांचा व्यास आणि अंतर बाजारातल्या प्रचलित मापाचेच ठेवावे, म्हणजे पुढे हुक किंवा डिप बार तयार विकत घेता येतो.

खोली आणि स्लॅब कसा तपासावा?

ऑलिम्पिक बार २.२ मीटर लांब असतो. प्लेट चढवायला दोन्ही बाजूंना ६० सेंटिमीटर धरले, तर ३.४ मीटर, म्हणजे सव्वाअकरा फूट रुंदी लागते. दहा फुटी खोलीत प्रत्येक बाजूला जेमतेम ४२ सेंटिमीटर उरतात. अडचण होते, पण जमते. पाच फुटी साधा रॉड मात्र चालत नाही. सुमारे चार फूट रुंद रॅकच्या बाहेर त्याचे टोक दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूटच उरते. सात फुटी रॅकवर पुल-अप करायचे, तर डोक्यावरचा पंखा आधी पाहावा.

राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ नुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार गृहीत धरतात. रॅक, बार, प्लेट आणि माणूस मिळून तीनशे किलो होतात, त्यामुळे चांगल्या आरसीसी स्लॅबला एवढ्याने धोका नाही. मात्र हा हिशेब ठेवलेल्या वजनाचा आहे. डेडलिफ्ट करून बार आदळणे वरच्या मजल्यावर टाळावे. खालच्या शेजाऱ्याचे छत तेच असते. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या लाकडी माडीवर रॅक नेऊच नये. नदीकाठच्या भागात तळमजला निवडताना २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवावा आणि वेल्डिंगने अखंड जोडण्याऐवजी बोल्टने सुटा होणारा रॅक घ्यावा.

पैसे कुठे वाचवावेत, कुठे नाही?

प्लेट जुन्या घ्याव्यात. बीड झिजत नाही, फक्त काट्यावर वजन करून घ्यावे. बंद होणाऱ्या जिमचा रॅकही चांगला मिळतो. वेल्डजवळ केसासारखी चीर, वाकलेली सेफ्टी आणि लांबट झालेली भोके तेवढी तपासावीत. लॅट पुली, केबल, रंग, नाव हे सारे नंतर आले तरी चालते. सेफ्टी, हुक, बार आणि बेंच यांत काटकसर नको.

आणि रॅक आल्यावर पहिले काम प्लेट चढवण्याचे नाही. रिकामा बार घेऊन बेंचवर झोपावे. पाठीला कमान देऊन छाती वर असताना बार छातीला लागेल, पण पाठ सपाट केल्यावर सेफ्टीवर टेकेल आणि गळ्यापर्यंत पोहोचणार नाही, असे भोक शोधावे. स्क्वॉटसाठी सर्वांत खालच्या स्थितीच्या एक भोक खाली सेफ्टी ठेवावी. या दोन भोकांवर रंगाने खूण करावी आणि घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळी ठेवावी. वडिलांच्या उंचीला लावलेली सेफ्टी मुलीच्या कामाची नसते. दहा-वीस हजारांचा रॅक वाचवतो तो या खुणांमुळे. चुकीच्या भोकात लावलेली सेफ्टी असून नसल्यासारखीच.