सगळंच 'कट' होत नसतं

'हरवलेले सुंदर इंग्रजी शब्द' अशा रील आपण सेव्ह करतो आणि पुढे स्क्रोल करतो. मला या कौतुकाचा राग येतो. शब्द म्हणजे शोपीस नव्हेत, ती कामाची हत्यारं आहेत.

'थ्वाइट' घ्या. चाकूने लाकूड तासत जाणं, हा त्याचा अर्थ. त्यावरून चाकूला नाव पडलं 'थ्विटल'. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या गोष्टीतला पिठाच्या चक्कीवाला शेफिल्डचा थ्विटल पायमोज्यात खोचून फिरतो. त्याचंच पुढे 'व्हिटल' झालं. आज ऑफिसात आपण उमेदवारांची यादी 'व्हिटल डाऊन' करतो. चाकू गेला, लाकूड गेलं, उरली एक्सेल शीट.

'स्नेड' म्हणजे झाडाच्या फांद्या छाटणं. 'प्लीच' आणखी वेगळं: कुंपणातल्या झुडपाचं खोड जवळजवळ आरपार कापायचं, पण सालीची एक पट्टी राखायची. मग ते आडवं वाकवता येतं, जगतं आणि नव्याने फुटतं. न मारता कापायची ही युक्ती एका 'कट'मध्ये कुठे मावते?

'भाषा बदलतेच, एक शब्द पुरतो,' असं माझे इंजिनिअर मित्र म्हणतात. अरे, हे लॉसी कॉम्प्रेशन आहे! फाइल हलकी होते, पण गेलेला तपशील परत येत नाही.

आणि हे शब्द आपोआपही मेले नाहीत. यंत्रांनी काम नेलं, शाळांनी बोलीला गावंढळ ठरवलं. जोसेफ राइट लहानपणी यॉर्कशरच्या गिरणीत राबला, पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं. पुढे तो ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि १८९८ ते १९०५ या काळात त्याने इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा कोश काढला. ज्या इंग्रजीपुढे आपण आपली बोली लपवतो, तिने आधी स्वतःच्याच लेकरांची बोली दाबली होती.

पण कोशात शब्द जपला जातो, जगत नाही. 'प्लीच' आजही जिवंत आहे, कारण इंग्लंडात अशी कुंपणं घालणारे हात अजून आहेत.

आपल्याकडे मेथी खुडतात, कांदा चिरतात, नारळ खवतात, कापड बेततात. आपण मात्र सगळ्याला 'कट कर' म्हणायला लागलोय. तेव्हा रील सेव्ह करू नका. विळीवर बसा, मेथी खुडा आणि 'खुडतोय' असंच म्हणा.