राइसप्लेट परदेशी का गेली नाही?

रॅफल्स प्लेसला दुपारचे साडेबारा वाजले की साठ-साठ मजली इमारतींतून माणसं खाली उतरतात. कुणी लाउ पा सातमध्ये टेबलावर टिश्यूची पुडी ठेवून जागा धरतं, कुणी मॉलमधल्या जपानी हॉटेलाबाहेर उभं राहतं. आठवड्यातून एकदा तरी मी या दुसऱ्या गर्दीत असतो. तिथे जे मिळतं त्याला जपानीत 'तेइशोकु' म्हणतात, म्हणजे ठरलेलं जेवण. एका ट्रेमध्ये डावीकडे भाताची वाटी, उजवीकडे मिसो सूप, मागे भाजलेला मासा किंवा तळलेलं कात्सु आणि कडेला चमचाभर लोणचं. निवडायचं फारसं नाही, वाट बघायची नाही, अर्ध्या तासात माणूस परत कामावर.

हे वर्णन वाचून मुंबई-पुण्यात नोकरी केलेल्या कुणालाही राइसप्लेट आठवेल. खरं तर डावी-उजवी बाजू ठरवून वाढायची रीत आपल्याला नवी नाही. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी, उसळ उजवीकडे, मध्ये वरण-भात. जपानी लोक 'एक सूप, तीन पदार्थ' हे सूत्र सांगतात, आपण सूत्र न सांगता तेच करत आलो. फरक इतकाच की त्यांनी ते रोजचं जेवण जगात नेलं. २०१३ साली युनेस्कोने जपानी आहारपरंपरेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, पण ट्रे त्याआधीच सिंगापूरला पोहोचला होता. सत्तरच्या दशकात जपानी कंपन्या आणि इसेतान, याओहानसारखी मोठी दुकानं इथे आली, तसं जेवणही रुळत गेलं.

आपणही कंपन्यांबरोबरच आलो की! पण आपण बरोबर काय आणलं? सणाचं जेवण. गणपतीत मोदक, दिवाळीत फराळ, अधूनमधून वडापावचा स्टॉल. हॉटेल निघालंच, तर 'अनलिमिटेड थाळी', जी जेवून दुपारी कोड लिहिणं अशक्य. मोजकं, रोजचं, कामाच्या दिवसाचं मराठी जेवण मात्र मागेच राहिलं.

माझं म्हणणं असं, की ही उणीव चवीची नाही, दृष्टीची आहे. खानावळीला आपण कधी मोठं मानलंच नाही. गिरणगावात कामगारांना जेऊ घालणाऱ्या बायकांनी एक अख्खं शहर चालवलं. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केलं. २०२० साली राज्य सरकारने १० रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, तीही दोन चपात्या, भाजी, वरण, भात अशी मोजूनच. म्हणजे ठरलेल्या ताटाचं गणित आपल्याला येतं. पण ते आपण गरजेचं जेवण समजतो, अभिमानाचं नाही.

यावर कुणी म्हणेल, इथलं भाडं परवडणार नाही, गरम पोळ्या कोण लाटणार? पण तेइशोकु परवडतं ते ठरलेलं असल्यामुळेच. भात, सूप, लोणचं सकाळीच तयार. ऐन वेळी एकच पदार्थ गरम करायचा. आपली आमटी आणि उसळ यात चपखल बसतात. पोळी नसली तरी चालेल. जपानी ट्रेही काही स्वस्त नाही. मेन्यूवरच्या किमतीवर १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी लागतो, तरी लोक उभे राहतातच.

शिवाय शाकाहारी माणसाची अडचण वेगळीच. साधं दिसणारं मिसो सूपही बहुतेकदा सुकवलेल्या माशाच्या 'दाशी'वर केलेलं असतं, हे इथे नव्याने आलेल्यांना ठाऊक नसतं. त्यांच्यासाठी ऑफिसजवळ विश्वासाचं ताट म्हणजे हौस नव्हे, रोजची गरज आहे.

गावाकडून फोन येतो तेव्हा आईवडील 'मोदक केलेस का?' असं वर्षातून एकदा विचारतात, 'जेवलास का?' हे रोज. परदेशातल्या मराठी मंडळांनी आणि हॉटेल काढू पाहणाऱ्यांनी या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधावं. भात, आमटी, एक उसळ, कोशिंबीर, लोणचं, वाटीभर ताक. दुपारी बारा ते दोन एवढंच कुणी द्यायला लागलं, तर पहिल्या महिन्याचा पास मी आगाऊ पैसे भरून घेईन.