नॅनोकण तपासला, पण कोणाच्या रक्तात?

हल्ली औषधांच्या माहितीपत्रकांवर ‘नॅनो’ हा शब्द ठळक अक्षरांत असतो. कण किती सूक्ष्म, हे त्यात सविस्तर सांगितलेले असते. परंतु रक्तात शिरल्यावर तो कण तसाच राहतो का, हे आपण डॉक्टरांनी विचारावयास हवे.

तो तसा राहत नाही. काही क्षणांतच त्याच्या पृष्ठभागावर प्रथिने चिकटू लागतात. आधी अल्ब्युमिनसारखी मुबलक प्रथिने येतात. मग त्यांना सारून, संख्येने थोडी पण घट्ट धरणारी प्रथिने जागा घेतात. ही अदलाबदल रक्तशास्त्रज्ञ लिओ व्रोमन यांच्या नावाने ओळखली जाते. (हे गृहस्थ डच भाषेतील नामवंत कवीही होते; आमच्यातील कविमित्रांना तेवढाच दिलासा!) २००७ पासून या आवरणास ‘प्रोटीन करोना’ म्हणतात. २०२० नंतर मात्र ते नाव उच्चारताना जीभ अडखळते.

पेशीला कण दिसतो तो या आवरणासकट. २००७ मध्येच कॅडमियमयुक्त क्वांटम डॉट्सवर एक प्रयोग झाला. सिस्टीनचा लेप दिलेल्या स्फटिकांना रक्तातील प्रथिने चिकटली नाहीत, आणि सुमारे ५.५ नॅनोमीटरहून लहान स्फटिक प्राण्यांच्या मूत्रावाटे झपाट्याने बाहेर पडले. प्रथिने चिकटली की कणाचा आकार वाढतो आणि मूत्रपिंडाची वाट बंद होते. २०१३ मध्ये तर असे दिसले की, ट्रान्सफेरिन जोडून विशिष्ट पेशींकडे धाडलेले कण रक्तद्रवात ती ओळखच हरवून बसतात.

आता माझ्या लहानग्या रुग्णांविषयी. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्तात अल्ब्युमिन कमी, पूरक प्रथिने कमी, अल्फा-फीटोप्रोटीन मात्र भरपूर. म्हणजे कणावर चढणारे आवरणही वेगळे असणार, असे मला वाटते. प्रयोगशाळेत मात्र बहुधा प्रौढ माणसाचा किंवा गायीच्या गर्भाचा रक्तद्रव वापरतात. प्रथिनांच्या जागेवरील ओढाताण बाळाच्या जिवावर बेतू शकते, हे आपण बालरोगतज्ज्ञांना नवे नाही. १९५६ साली सल्फा औषध दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत कर्निक्टेरसने मृत्यू वाढल्याचे आढळले होते. औषधाने अल्ब्युमिनवरून बिलिरुबिनला हुसकावून लावले होते.

प्रसूतिगृहात नाळेतील रक्त एरवी टाकूनच दिले जाते. मातेची संमती घेऊन त्यातील थोडा रक्तद्रव अशा चाचण्यांसाठी जपून ठेवणे आपल्या गावच्या मेडिकल कॉलेजला अवघड नाही. मंडळाने पुढाकार घेऊन हा प्रस्ताव मांडावा.