घरचा संगणक, लग्नाचा अल्बम आणि महागलेली मेमरी

रेणापूर, खास प्रतिनिधी

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार थांबविला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत तुळशीची लग्ने लागली आणि लगीनसराईला तोंड फुटले. त्याच सुमारास जगभर संगणकाच्या मेमरीचे भाव भडकू लागले. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी घरच्या संगणकावर लग्नाचे अल्बम सजवून चार पैसे मिळविणाऱ्याच्या दारात त्या एकदमच येऊन उभ्या राहिल्या. जुना संगणक सुधारून घ्यावा की मोडीत काढावा, हा प्रश्न त्याच्यापुढे हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे.

मराठवाड्यातील घरांत संगणक आला तो बहुतांशी मुलांच्या शिक्षणासाठी. २००१मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने माऊस हाती धरायला शिकविले. पुढे फिल्मचे कॅमेरे मागे पडले आणि छायाचित्रांवरचे निम्मे काम संगणकावर आले. वीसेक किलोमीटरवरील लातूरच्या बाजारात संगणकाचे सुटे भाग मिळत असल्याने यंत्र वाढवत नेण्याची सोयही झाली. २००२मध्ये आलेल्या ‘फोटोशॉप ७’वर गावोगावच्या स्टुडिओंनी वर्षानुवर्षे निभावून नेले. मात्र २०१३पासून अॅडोबने नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे बंद करून भाडेपद्धती आणली. ताज्या आवृत्त्यांना किमान ८ जीबी रॅम लागते आणि १६ जीबीची शिफारस केली जाते.

गणित पानाच्या आकाराचे

ही मागणी अवास्तव आहे काय? साधा हिशेब करून पाहू. अल्बमचे उघडे पान १२ बाय ३६ इंचांचे आणि छपाई इंचाला ३०० ठिपक्यांची धरली, तर ३,६०० गुणिले १०,८०० म्हणजे सुमारे ३ कोटी ८९ लाख ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्याला तांबडा, हिरवा व निळा असे तीन बाइट लागतात. म्हणजे त्या पानाचा एकच पूर्ण थर सुमारे ११७ एमबी मेमरी व्यापतो. पार्श्वभूमी, वधूवरांची छबी, नक्षी, मजकूर असे पूर्ण आकाराचे दहा थर झाले की आकडा एक जीबीपलीकडे जातो. केलेले बदल मागे घेता यावेत म्हणून राखलेल्या प्रती त्याहून वेगळ्या. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र कार्डावर आठ-दहा एमबीचे दिसले, तरी उघडताच मेमरीत ७२ एमबी जागा घेते. त्यामुळे ४ जीबीचा संगणक धापा टाकू लागला तर तो दोष यंत्राचा नव्हे, कामाचा आकारच वाढला आहे.

मेमरी अपुरी पडली की फोटोशॉप हार्डडिस्कचा आधार घेते. फिरत्या तबकडीची डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी माहिती हलविते. साधी एसएसडी ५००च्या आसपास जाते. म्हणून जुन्या यंत्रात पहिला खर्च एसएसडीवर करणे बहुधा शहाणपणाचे ठरते. संगणक लवकर सुरू होतो, फाइली झटपट उघडतात. मात्र एसएसडी ही मेमरीची जागा घेऊ शकत नाही.

नेमके काय अडते हे दुकानदाराला विचारण्याआधी घरीच तपासता येते. काम चालू असताना विंडोजच्या ‘टास्क मॅनेजर’मध्ये मेमरी काठोकाठ भरलेली आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर दिसली, तर रॅम वाढविल्याखेरीज गत्यंतर नाही. फोटोशॉपच्या तळपट्टीतील ‘एफिशियन्सी’चा आकडा शंभराखाली राहत असेल, तरी अर्थ तोच. मेमरी निम्मीच भरत असेल, तर रॅमवर पैसा घालणे व्यर्थ. महागड्या ग्राफिक्स कार्डाचेही तसेच आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या नव्या सुविधांना ते उपयोगी पडते. साध्या अल्बमच्या कामात त्याने मोठा फरक पडत नाही.

दूरच्या बाजाराची झळ

अडचण अशी की, रॅम हाच भाग २०२५च्या उत्तरार्धात झपाट्याने महागला. सॅमसंग, एसके हायनिक्स व मायक्रॉन या तीन मोठ्या उत्पादकांनी आपली क्षमता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीकडे वळविली. काही प्रकारच्या रॅमचे भाव मोजक्या महिन्यांत दुपटीपलीकडे गेले. डिसेंबर २०२५मध्ये तर मायक्रॉनने ‘क्रुशिअल’ या नावाने चालणारा किरकोळ ग्राहकांचा व्यवसाय गुंडाळण्याची घोषणा केली. परदेशातील डेटा सेंटरची भूक अशी रेणापूरच्या अल्बमाच्या खर्चात उतरली आहे. अशा वेळी मदरबोर्ड न बदलता, त्यावर चालणारी जुन्या पिढीची रॅम पारखून घेणे हा व्यवहार्य मार्ग उरतो. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ची पट्टी बसत नाही, एवढे भान मात्र खरेदीपूर्वी ठेवावे.

दुसरी अडचण प्रणालीची. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा व इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीपुढील प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१५-१६चा धडधाकट संगणकही अधिकृतरीत्या बाद ठरतो. घरगुती ग्राहकांना वाढीव सुरक्षेसाठी १३ ऑक्टोबर २०२६ ही मुदत मायक्रोसॉफ्टने जाहीर केली. त्यानंतरही असे यंत्र इंटरनेटपासून दूर ठेवून केवळ अल्बमपुरते वापरता येईल. पण ग्राहकाच्या पेनड्राइव्हमधून येणारा व्हायरस आणि चोरीच्या सॉफ्टवेअरची जोखीम तेव्हा अधिकच वाढते.

विनामूल्य पर्याय नाहीत असे नव्हे. मार्च २०२५मध्ये ‘जिम्प ३.०’ आले. ते विंडोजप्रमाणे लिनक्सवरही चालते आणि युनिकोड देवनागरीतील जोडाक्षरे नीट दाखविते. तथापि लग्नपत्रिका आणि अल्बमचा जुना मजकूर श्रीलिपीसारख्या विंडोजवरील जुन्या फॉन्टांत अडकलेला आहे. तो सांगाडा एका रात्रीत मोडता येत नाही. नवे काम युनिकोडमध्ये करीत राहणे आणि जुन्या यंत्राला जुन्या फाइलींपुरते जपणे, हाच मधला मार्ग दिसतो.

या धावपळीत पडदा व वीज दुर्लक्षित राहतात. हळदीचा पिवळा आणि शालूचा लाल स्वस्त पडद्यावर एक दिसतो आणि छापून येतो भलताच. त्यावर यंत्राच्या वेगाचा उपाय नाही, चांगला आयपीएस मॉनिटर हवा. वीज अचानक गेली तर यूपीएसअभावी रात्रभराचे काम वाया जाते. आणि लग्न पुन्हा लागत नाही, म्हणून छायाचित्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

शिंप्याला शिलाई मशीन तसा या तरुणांना संगणक. प्रधानमंत्री मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. परंतु कर्ज काढून सर्वांत नवे यंत्र घेणे हा प्रत्येकाचा मार्ग असू शकत नाही. सॉफ्टवेअर कधी भाड्याचे करायचे, कोणते यंत्र बाद ठरवायचे आणि मेमरी कोणाला विकायची, हे निर्णय रेणापूरपासून फार दूर होतात. घरच्या संगणकाची नाडी तपासून, जो भाग खरोखर अडतो त्यावरच पैसा खर्च करणे, एवढा निर्णय मात्र अजूनही आपल्या हाती आहे.