संलयनाचा सूर्य आणि रात्रीची वीज

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत विजेचा प्रश्न केवळ दराचा किंवा टंचाईचा नाही. तो वेळेचाही आहे. कृषिपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री देण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. उसाच्या फडात बिबट्याचा वावर असताना रात्री दारे धरायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड येथे बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेल्यानंतर दिवसा विजेच्या मागणीला पुन्हा धार आली.

या पार्श्वभूमीवर अमर्याद आणि स्वच्छ ऊर्जेचे आश्वासन देणाऱ्या अणुसंलयनाकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. दोन दशकांत ही ऊर्जा नियंत्रणात येईल, असे भाकीत डॉ. होमी भाभा यांनी १९५५ साली जिनिव्हा येथील परिषदेत केले होते. त्याला सत्तर वर्षे उलटली. मग घोडे पेंड कुठे खाते?

कारणे अनेक आहेत. त्यातील एक कळीचे कारण मात्र क्वचितच चर्चेत येते. ‘टोकामॅक’ या कंकणाकृती यंत्रात कोट्यवधी अंश तापमानाचा प्लाझ्मा चुंबकीय क्षेत्राने जखडून ठेवला जातो. त्यासाठी बाहेरची चुंबके पुरत नाहीत. खुद्द प्लाझ्मातूनही प्रचंड विद्युतप्रवाह वाहावा लागतो. फ्रान्समधील ‘इटर’ प्रकल्पात तो दीड कोटी अँपिअरपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट आहे. पाच अश्वशक्तीचा शेतीपंप सात-आठ अँपिअर ओढतो, हे लक्षात घेता या आकड्याची कल्पना यावी.

हा प्रवाह सुरू होतो ट्रान्सफॉर्मरच्या तत्त्वावर. मधले वेटोळे प्राथमिक, तर प्लाझ्मा हेच दुय्यम वेटोळे. परंतु त्यासाठी मधल्या वेटोळ्यातील प्रवाह सतत बदलत ठेवावा लागतो आणि त्याला मर्यादा आहे. ती गाठली की यंत्र थांबते. अखंड वीज हवी असेल, तर प्रवाह अन्य मार्गाने रेटावा लागतो: रेडिओ-लहरींनी इलेक्ट्रॉन ढकलून किंवा वेगवान कणांचे झोत सोडून.

फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सच्याच ‘वेस्ट’ या यंत्रात अशा लहरींच्या बळावर प्लाझ्मा १,३३७ सेकंद टिकला. तो विक्रम होता. मात्र त्यातून वीजनिर्मिती झालेली नाही. खरी मेख पुढेच आहे. मोठ्या यंत्रात एक मेगावॉट लहरींमागे जेमतेम काही दहा हजार अँपिअर प्रवाह मिळतो. सारा प्रवाह याच मार्गाने मिळवायचा, तर शेकडो मेगावॉट खर्ची पडतील. आणि इटरचे संलयन उद्दिष्टच ५०० मेगावॉट उष्णतेचे आहे. म्हणजे पिकापेक्षा बियाणेच महाग! म्हणूनच प्लाझ्माच्या अंतर्गत दाबातून आपोआप उद्भवणाऱ्या प्रवाहावर शास्त्रज्ञांची भिस्त आहे. जर्मनीतील ‘वेंडेलस्टाइन ७-एक्स’सारख्या यंत्रांनी तर वळणदार चुंबके वापरून या प्रवाहाची गरजच टाळली आहे.

भारत या प्रयत्नांत मागे नाही. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत १९८९ मध्ये ‘आदित्य’ आणि २०१३ मध्ये ‘एसएसटी-१’ कार्यान्वित झाले. इटरमध्ये भारत २००५ पासून भागीदार आहे. त्याचे महाकाय शीतपात्र भारतानेच पुरवले. तथापि २०२४ च्या सुधारित वेळापत्रकानुसार इटरमध्ये प्रत्यक्ष संलयन इंधनाचे प्रयोग २०३९ मध्ये अपेक्षित आहेत, आणि तेही वीजनिर्मितीचे केंद्र नव्हे.

संशोधनात सातत्य हवेच. दीर्घ पल्ल्याच्या विज्ञानाला धीर लागतो, हे खोडद येथील जीएमआरटी दुर्बीण बाळगणाऱ्या जुन्नर तालुक्याला सांगायला नको. मात्र भविष्यातील सूर्याचे दाखले देऊन आजचा प्रश्न लांबणीवर टाकता येणार नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे सूत्रच दिवसा वीज हे आहे. बिबट्याप्रवण गावांच्या वाहिन्यांना तिच्यात अग्रक्रम देणे, हा प्रशासकीय निर्णयाचा भाग आहे. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही.