घरचा कॉम्प्युटर हप्त्यावर नको, रोखीत जुळवा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून कॉम्प्युटरची चौकशी सुरू होते. मुलगी अकरावीला जाते, मुलगा डिप्लोमाला जातो. दुकानाचा जीएसटी भरायचा असतो, आणि एम्ब्रॉयडरीच्या कारखानदाराला डिझाईन आता कागदावर नको, पेन ड्राईव्हवर हवे असते. काही दिवस मोबाईलवर भागते. मग एका रविवारी सगळे घर झगमगीत शोरूममध्ये जाते आणि पन्नास हजारांचा लॅपटॉप बारा हप्त्यांवर घेऊन परत येते.

आमचे म्हणणे असे की, ज्या घरात एकच कॉम्प्युटर येणार आहे आणि तो एका जागीच राहणार आहे, त्या घराने लॅपटॉपच्या हप्त्यात अडकू नये. सुटे भाग जोडून केलेला डेस्कटॉप घ्यावा आणि तो हातातल्या रोख रकमेत बसेल असाच जुळवावा. तो स्वस्त पडतो हे एक कारण. त्याहून मोठे कारण हे की डेस्कटॉप आज गरजेपुरता उभा करून पुढच्या वर्षी वाढवता येतो. लॅपटॉपला ही सोय फारशी नाही. तो घेतानाच पुरा घ्यावा लागतो, आणि म्हणूनच माणूस कर्जाकडे वळतो.

'नो कॉस्ट ईएमआय' या तीन शब्दांवर नमाज-रोज्याचे पाबंद लोकही निर्धास्तपणे सही करतात. नावात व्याज नाही म्हणजे व्यवहारात व्याज नाही, असे ते समजतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बँक कर्ज देते, त्यावर व्याज लावते आणि तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी किमतीत सूट म्हणून दाखवते. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये व्याजाची ओळ वेगळी छापलेली असते आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटीही लागतो. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना बजावले होते. मौलानासाहेबांना मसला विचारण्याआधी ते स्टेटमेंट वाचले तरी पुरे. आपल्या मोहल्ल्यांत साधी भिशी चालते (लिलावाची भिशी म्हणत नाही, तिच्यात व्याजाचाच वास आहे). चार-सहा महिन्यांत भिशी लागली की घरचा कॉम्प्युटर उभा राहतो.

मात्र दर महिन्याला एक भाग विकत घेऊन कपाटात ठेवण्याचा शहाणपणा करू नये. बिलाच्या तारखेपासून हमी सुरू होते, आणि सहा महिन्यांनी जोडल्यावर बोर्ड बिघडलेला निघाला तर दुकानदार बदलून देईलच असे नाही. पहिल्या दिवशी चालू होईल एवढे सामान एकदम घ्यावे आणि बाकीचे पुढे ढकलावे.

पुढे काय ढकलता येते? मॉनिटर. घरातल्या टीव्हीला एचडीएमआयचे तोंड असले तर पहिले काही महिने त्यावर काम निघते. बारीक अक्षरांचा त्रास होतो हे खरे, खातेवही लिहिणाऱ्याने लवकर मॉनिटर घ्यावा. रॅमची दुसरी पट्टी ढकलता येते. वेगळे ग्राफिक कार्ड तर आपल्या नव्वद टक्के घरांना कधीच लागत नाही. टॅली, इनपेज, इंटरनेट, मुलांचा अभ्यास आणि लग्नपत्रिकेपुरते कोरलड्रॉ ही सगळी कामे प्रोसेसरमधल्याच ग्राफिकवर होतात. ढकलता येत नाहीत ते तीन भाग: प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याची पेटी. हातातले पैसे आधी इथे घालावेत.

प्रोसेसरसाठी उदाहरणे द्यायची तर इंटेलचा २०२२ साली आलेला कोअर आय-३ १२१०० किंवा एएमडीचा २०२१ सालचा रायझन-५ ५६००जी. दोन्हींत ग्राफिक आतच आहे. इथे एका अक्षराचा खेळ लक्षात ठेवावा. इंटेलच्या आकड्यामागे 'एफ' असले, म्हणजे १२१००एफ, की आत ग्राफिक नाही. एएमडीच्या ५६०० मागे 'जी' नसले तरी तेच. हे तुकडे थोडे स्वस्त मिळतात. घरी आणून सगळे जोडावे तर पडदा काळाच, आणि मग ग्राफिक कार्डासाठी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या बाजारापर्यंत एक पाटी सर्रास दिसते: आय-५, १६ जीबी, ५१२ एसएसडी, आणि खाली भाव इतका कमी की विश्वास बसू नये. बसूही नये. आय-५ हे एका कुळाचे नाव आहे आणि ते कूळ २००९ पासून चालत आले आहे. नेमका कुठल्या पिढीचा, हे मागच्या आकड्यातून कळते. आय-५ ४५७० म्हणजे चौथी पिढी, २०१३ चा माल. आय-५ ८५०० म्हणजे आठवी पिढी, २०१८ चा. आय-३ १२१०० मधले पहिले दोन आकडे १२, म्हणजे बारावी पिढी. चौथ्या पिढीचा आय-५ हा बाराव्या पिढीच्या आय-३ च्या जवळपासही पोहोचत नाही. पण पाटीवर ५ हा आकडा ३ पेक्षा मोठा दिसतो, आणि गिऱ्हाईक तेवढ्यावरच फसते. जुन्या ऑफिसांतून निघालेला प्रोसेसर, त्याखाली त्याच जुन्या पिढीसाठी नव्याने केलेला बिननावाचा बोर्ड आणि वर काचेचा नवा कोरा कॅबिनेट, अशी ही जुळणी असते. रंगीत दिवे लागले की आतले वय दिसत नाही.

वय दिसले नाही तरी ते आडवे येतेच. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा बंद केला. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय कंपनी मागते. म्हणजे चौथ्या पिढीचा आय-५ घेणाऱ्याला आज घेतलेल्या मशीनवर कंपनीच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ चालवता येत नाही. आडमार्गाने कोणी चढवून देईल, पण ज्या मशीनवर दुकानाचे बँक खाते उघडायचे आहे तिथे आडमार्ग कशाला?

हे सामान विकणारे आपलेही बांधव आहेत, म्हणून त्यांनाही दोन शब्द. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना एका धान्याच्या राशीत हात घालतात आणि बोटे ओली होतात, हा प्रसंग आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. भिजलेले धान्य विकायला मनाई झाली नव्हती. ते वरच्या बाजूला का ठेवले नाही, असा सवाल होता. जुना प्रोसेसर विकणे हाही गुन्हा नाही. पिढी आणि साल पाटीवर लिहा, भाव त्याप्रमाणे सांगा, मग तो व्यवहार उजळ आहे. पिढी विचारल्यावर "एकच असते सगळे" म्हणणारा दुकानदार ओले धान्य खाली दाबतो आहे.

जुने घ्यायचेच असेल तर त्याचीही चांगली वाट आहे. डेल, एचपी, लिनोव्हो यांचे ऑफिसांतून निघालेले आठव्या पिढीचे किंवा नंतरचे डेस्कटॉप बाजारात येतात. कमी पैशात अभ्यासाला आणि हिशेबाला ते उत्तम, आणि बऱ्याचदा त्यांच्यासोबत विंडोजचा अस्सल परवानाही असतो. अडचण एवढीच की त्यांपैकी अनेकांचा बोर्ड आणि एसएमपीएस त्या कंपनीच्याच मापाचे असतात. बिघडले की बाजारातला साधा भाग बसत नाही. लहान पेटीचे मॉडेल टाळून उभ्या टॉवरचे घ्यावे.

रॅमचे गणित २०२५ च्या अखेरीस पार बिघडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड केंद्रांसाठी मेमरी बनवण्याकडे कारखाने वळले आणि घरगुती रॅमचे भाव भडकले. मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशियल' हा ग्राहकांसाठीचा धंदाच आवरता घेत असल्याचे जाहीर केले. अशा वेळी मदरबोर्डची निवड डोळसपणे करावी. बाराव्या पिढीसाठी एच-६१० चिपसेटचे स्वस्त बोर्ड डीडीआर-४ आणि डीडीआर-५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले. एका बोर्डावर एकच जात बसते. घरात, नातलगाकडे किंवा ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे डेस्कटॉपची जुनी डीडीआर-४ पट्टी पडून असेल तर तिच्या मापाचा बोर्ड घेणे शहाणपणाचे. एरवी ८ जीबीची एकच पट्टी घ्यावी आणि दुसरा खाचा रिकामा ठेवावा. अभ्यास आणि टॅली यांना तेवढी चालते. डिझाईनचे काम करणाऱ्याने १६ जीबीच धरावी. एसएसडी २५६ जीबीची असली तरी चालेल, पण एसएसडीच हवी, आणि ती नामांकित कंपनीची. जुनी हार्ड डिस्क फेकू नये, हिशेबाची दुसरी प्रत ठेवायला ती कामी येते.

एसएमपीएसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त हेळसांड याच भागाची होते. मालेगावचा किंवा भिवंडीचा माणूस मागाला मोटर घेताना तिची पाटी वाचतो. एचपी किती, आरपीएम किती, हे पाहिल्याशिवाय पैसे काढत नाही. तोच माणूस कॉम्प्युटर घेताना कॅबिनेटसोबत फुकट आलेली पेटी न पाहता स्वीकारतो. तिच्यावर मोठ्या अक्षरांत ४५० वॉट लिहिलेले असते. लेबल नीट वाचावे. कॉम्प्युटरचा मुख्य भार १२ व्होल्टच्या लाइनीवर असतो. त्या रकान्यात १५ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॉट झाले. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींत दाखवून बेरीज फुगवलेली असते. वर सांगितलेल्या साध्या मशीनला १८० वॉटही पुरतील, हे कबूल. पण ज्याने लेबलाची बेरीज फुगवली, त्याने आतले संरक्षण मात्र इमानदारीने घातले असेल, यावर आमचा विश्वास नाही. वीज खाली-वर होणाऱ्या गावात अशी पेटी जाते तेव्हा कधी कधी बोर्ड आणि डिस्कही सोबत घेऊन जाते. म्हणून '८० प्लस'चे प्रमाणपत्र असलेली, नामांकित कंपनीची, स्वतंत्र हमीची पेटी घ्यावी. हे प्रमाणपत्र वीज कमी वाया जाण्याचे आहे, संरक्षणाचे नव्हे. तरी ते मिळवणारा कारखाना निदान तपासणीला सामोरा गेलेला असतो. जादा लागणारे पैसे दिव्यांच्या कॅबिनेटमधून वाचवावेत.

त्याबरोबर भिंतीतल्या तीन पिनांच्या सॉकेटला खरे अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार घरोघर ऐकू येते. तिचे कारण बहुधा मशीनमध्ये नसून भिंतीत असते.

कॅबिनेट पत्र्याचा, साधा, पुढून हवा घेणारा घ्यावा. मागाच्या खोलीशेजारी राहणाऱ्यांच्या मशीनमध्ये कापसाचे तंतू जाऊन पंखे गुदमरतात. दोन-तीन महिन्यांनी ते झाडून घ्यावेत.

विंडोज आणि टॅलीच्या चोरीच्या प्रती जोडणावळीत फुकट घालून मिळतात. घेऊ नयेत. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल आहे, आणि त्यातून व्हायरस येतात ते वेगळेच. टॅली आणि इनपेजला विंडोज लागते, तेव्हा परवान्याचे पैसे सुरुवातीलाच हिशेबात धरावेत. केवळ अभ्यासासाठी मशीन असेल तर उबुंटू किंवा लिनक्स मिंट रीतसर फुकट मिळते.

शेवटी बिल. प्रत्येक भागाचे नाव, पुरा मॉडेल क्रमांक, सिरियल क्रमांक आणि हमीची मुदत कागदावर घ्यावी. 'कॉम्प्युटर एक नग' असे बिल म्हणजे बिल नव्हे. सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीची देवघेव लिहून ठेवण्याची आज्ञा आहे, आणि हातोहात व्यवहार लिहिला नाही तरी दोष नाही, असेही तिथेच सांगितले आहे. पण तीन वर्षांची हमी म्हणजे दुकानदाराच्या डोक्यावरचे तीन वर्षांचे देणेच झाले, ते लिहिलेलेच बरे. बंद डब्यातल्या प्रोसेसरवर इंटेल आणि एएमडी तीन वर्षांची हमी देतात. डब्याविना मिळणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरची हमी विकणाऱ्याची असते, आणि ती त्याच्या दुकानाइतकीच टिकते. "बिलाशिवाय घ्या, १८ टक्के वाचतील" असे कोणी म्हटले तर हमी तिथेच संपली. जीएसटीत नोंद असलेल्या व्यापाऱ्याने मशीन धंद्यासाठी घेतले असेल तर आपला जीएसटी क्रमांक बिलावर टाकून घ्यावा, भरलेल्या कराची वजावट मिळते. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना ही वजावट नाही. त्यांनी भाव ठरवताना पूर्ण रक्कम धरूनच चालावे.