मोठे ऑपरेशन : जवळचे की अनुभवाचे?

पोटात न दुखता डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज सुटणे ही लक्षणे स्वादुपिंडाच्या डोक्यातील गाठीचीही असू शकतात. झाडपाल्यात महिना न घालवता सोनोग्राफी करून घ्यावी.

ही गाठ काढता येण्याजोगी असल्यास ‘व्हिपल’ शस्त्रक्रिया करतात. तीत स्वादुपिंडाचे डोके, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय व पित्तनलिकेचा भाग काढून नव्या जोडण्या कराव्या लागतात. स्वादुपिंडाची जोडणी पाझरली, तर जंतुसंसर्ग वा रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून पहिला महिना कसोटीचा.

अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या वृद्ध रुग्णांच्या पाहणीत, स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया क्वचितच होणाऱ्या रुग्णालयांत मृत्यूचे प्रमाण १६.३ टक्के, तर सर्वाधिक होणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के आढळले. गुंतागुंत वेळीच ओळखून सावरण्यास सरावलेले हात लागतात.

तेव्हा केवळ घराजवळचे म्हणून रुग्णालय निवडू नये. ‘डॉक्टरसाहेब, वर्षाला अशी किती ऑपरेशने करता? किती रुग्ण सुखरूप घरी गेले?’ असे नम्रपणे जरूर विचारावे. यात डॉक्टरांचा अपमान नाही. मोठ्या शहरातील मुक्कामाचा खर्च जड जातो हे खरे. पण माणूस घरी परत येणे अधिक मोलाचे!